समुद्र ओलांडायला किती इंजिनं?

मुंबईहून न्यूयॉर्कला विनाथांबा जाणारं विमान सुमारे साडेबारा हजार किलोमीटर उडतं. वाटेत वाळवंटं लागतात, पर्वत लागतात आणि शेवटी अटलांटिक महासागर. शेकडो माणसं पोटात घेऊन एवढा पल्ला गाठणाऱ्या या विमानाला इंजिनं असतात फक्त दोन. १९७१ मध्ये सांताक्रूझहून अमेरिकेकडे निघणाऱ्या विमानांना चार-चार इंजिनं होती आणि तरीही ती वाटेत थांबत थांबतच जात. पुढे पल्ला वाढला, थांबे गेले, पण इंजिनं मात्र निम्म्यावर आली. हे कसं घडलं, हा प्रश्न विमानांचं वेड असलेल्या माणसाला कधी ना कधी पडतोच आणि त्याचं उत्तर शोधायला बसलं की प्रवासी विमानांचा जवळजवळ सगळा इतिहास डोळ्यांखालून जातो.

माझ्या मनात तो लहानपणी आला, तो विमानांच्या आवाजामुळे. पार्ल्यातल्या आमच्या गच्चीवरून उतरणारी विमानं दिसायची, पण ती दिसण्याआधी ऐकू यायची. इंडियन एअरलाइन्सच्या फोकर फ्रेंडशिप आणि एचएस-७४८ यांच्या डार्ट इंजिनांची बारीक, तीक्ष्ण शीळ. कॅरावेलची इंजिनं शेपटाजवळ, त्यामुळे विमान डोक्यावरून पुढे गेल्यावर आवाज अंगावर कोसळायचा. मग एअर इंडियाचं ७०७, मागे धुराची काळपट रेघ सोडत जाणारं. आणि १९७१ नंतर ७४७, ज्याच्यासाठी अभ्यास अर्धवट टाकून सगळी मुलं कठड्याशी धावायची. आमचा हिशेब ठरलेला होता: दोन इंजिनांची विमानं दिल्ली-मद्रासची, चार इंजिनांची विलायतेची. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण या हिशेबामागे एक खराखुरा नियम उभा होता.

एका इंजिनापासून सुरुवात

भारताची विमानसेवा एका इंजिनावर सुरू झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान होतं डी हॅविलंड पस मॉथ. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल नेलं. विमान हलकं, वेग कमी आणि उतरायला थोडकी सपाट जागा पुरेशी. वाटेत इंजिन बंद पडलं तर वैमानिकाने खाली मोकळं रान शोधायचं आणि उतरायचं, एवढीच सोय. जमिनीवरून उडणाऱ्या टपालाच्या छोट्या विमानाला ती चालत होती.

प्रवासी वाढले, तशी दोन इंजिनांची विमानं आली. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या डकोटांनी भारतातली विमानसेवा उभी केली. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तिचं केंद्र होतं नागपूर. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला जमायची, टपालाची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. एक इंजिन गेलं तर दुसऱ्यावर जवळचा विमानतळ गाठायचा, आणि देशाच्या आत असा विमानतळ फार दूर नसे.

समुद्रावर मात्र हे गणित बिघडतं. दोनपैकी एक इंजिन बंद पडलं की उरलेल्या एकावर तासन् तास पाण्यावरून उडायचं. त्या काळातल्या एकट्या इंजिनावर इतका वेळ विसंबून राहण्याची कुणाची तयारी नव्हती.

छत्तीस स्पार्क प्लगचं एक इंजिन

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. भारतीय कंपनीची युरोपला जाणारी ही पहिली नियमित सेवा. ते लॉकहीड कॉन्स्टेलेशन होतं, त्या काळातलं फार देखणं विमान. माशासारखं वळणदार अंग, शेपटाला तीन उभे पंख आणि मोठ्या पंखांवर राइट कंपनीची चार इंजिनं.

त्यातलं एक इंजिन म्हणजे दोन वर्तुळांत मांडलेले अठरा सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका इंजिनात छत्तीस प्लग आणि अख्ख्या विमानात एकशे चव्वेचाळीस. अठरा दट्टे मिनिटाला हजारो वेळा पुढे-मागे होत. प्रत्येक फेरीत धातूला धक्का, प्रत्येक फेरीत प्रचंड उष्णता. पिस्टन इंजिनाची ताकद वाढवत वाढवत माणूस इथपर्यंत पोचला होता आणि त्याच्या मर्यादाही इथेच उघड झाल्या. कॉन्स्टेलेशनला वैमानिकांच्या वर्तुळात ‘तीन इंजिनांचं जगातलं सर्वांत चांगलं विमान’ असं म्हटलं जाई, कारण चारातलं एक बंद करून उतरण्याची पाळी वारंवार यायची. पण ते उतरायचं, हे महत्त्वाचं. चार इंजिनं घेण्यामागचा विचार हाच होता. एखादं बंद पडणारच असं धरून चालायचं आणि तरी पुढचा किनारा गाठता येईल अशी तजवीज ठेवायची.

हा विचार १९५३ मध्ये अमेरिकेत नियम म्हणून आला. दोन किंवा तीन इंजिनांच्या विमानाने आपला मार्ग असा आखायचा, की एक इंजिन बंद पडलं तर कोणत्याही बिंदूपासून साठ मिनिटांत एखाद्या योग्य विमानतळावर पोचता आलं पाहिजे. नकाशावर प्रत्येक विमानतळाभोवती साठ मिनिटांचं वर्तुळ काढा. जी जागा एकाही वर्तुळात येत नाही, ती या विमानांना बंद. अटलांटिकचा मधला मोठा भाग असाच वर्तुळांबाहेर राहायचा. चार इंजिनांच्या विमानांना ही अट नव्हती.

जेट आलं, नियम राहिला

१९६० मध्ये एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७०७, ‘गौरीशंकर’, आलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीची सेवा न्यूयॉर्कपर्यंत पोचली. या ७०७ना रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं होती. जेट इंजिनाने वेग वाढवला हे सगळे जाणतात, पण माझ्या दृष्टीने त्याचं मोठं देणं वेगळंच आहे. जेट इंजिनात पुढे-मागे धडकणारे दट्टे नसतात. हवा आत ओढायची, दाबायची, इंधन जाळायचं आणि तप्त वायू मागे सोडताना त्यावर टर्बाइन फिरवायची. मुख्य फिरते भाग एकाच दिशेने, अखंड फिरत राहतात. धक्के कमी, म्हणून झीज कमी आणि बिघाडही कमी. पिस्टन इंजिनापेक्षा जेट इंजिन किती तरी पटींनी भरवशाचं निघालं.

तरीही साठ मिनिटांचा नियम तसाच राहिला. तो पिस्टन इंजिनांच्या अनुभवातून आला होता आणि नव्या इंजिनांचा तेवढा अनुभव अजून गाठीशी नव्हता. १९६४ मध्ये तीन इंजिनांच्या विमानांना त्यातून सूट मिळाली आणि तीन इंजिनांचा एक छोटा, पण सुरेख कालखंड सुरू झाला.

बोइंग ७२७ची जन्मकथा त्याची चांगली ओळख करून देते. युनायटेड एअरलाइन्सला डेन्व्हरसारख्या उंचावरच्या विमानतळासाठी चार इंजिनं हवी होती. अमेरिकन एअरलाइन्सला इंधन वाचवायला दोन पुरे होती. ईस्टर्न एअरलाइन्सची विमानं कॅरिबियन समुद्रावरून जात, तिला दोनपेक्षा जास्त हवी होती. तोडगा निघाला तीनवर. पुढे मोठी तीन इंजिनांची विमानं आली: १९७१ मध्ये डीसी-१० आणि १९७२ मध्ये लॉकहीड ट्रायस्टार. तिसरं इंजिन शेपटात बसवायचं म्हणजे रचना अवघड आणि देखभाल उंचावर चढून. तरीही कंपन्यांनी ती घेतली, कारण चौथ्या इंजिनाचा खर्च वाचवून समुद्र ओलांडता येत होता.

मोठं इंजिन

याच सुमारास इंजिनांच्या आकारात मोठी उलथापालथ झाली. जुन्या जेट इंजिनात बहुतेक हवा ज्वलनकक्षातून जाई आणि फार वेगाने बाहेर फेकली जाई. कानठळ्या बसवणारा तो आवाज त्याचाच. ७४७साठी प्रॅट अँड व्हिटनीने केलेल्या जेटी९डी इंजिनात समोर भला मोठा पंखा होता. त्याने ओढलेल्या हवेपैकी गाभ्यातून एक भाग गेला, तर बाहेरून पाच भाग न जळता मागे ढकलले जात. थोडी हवा अतिवेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा कमी वेगाने ढकलणं इंधनाच्या दृष्टीने किफायतशीर असतं आणि आवाजही कमी होतो. आजची सगळी मोठी इंजिनं याच तत्त्वावर चालतात.

सुरुवात सोपी नव्हती. जानेवारी १९७० मध्ये पॅन अ‍ॅमच्या ७४७चं न्यूयॉर्कहून लंडनला पहिलं प्रवासी उड्डाण होतं. त्या विमानाचं एक इंजिन जमिनीवरच तापलं आणि प्रवाशांना काही तासांनी दुसऱ्या ७४७मधून जावं लागलं. पण दर महिन्याला अनुभव जमा होत गेला आणि इंजिन स्थिरावलं. एप्रिल १९७१ मध्ये ‘सम्राट अशोक’ मुंबईत आलं, खिडक्यांभोवती झरोक्यांच्या कमानी रंगवलेलं. आम्ही मुलांनी गच्चीवरून हात हलवत त्याचं स्वागत केलं होतं.

नव्या इंजिनांनी एक नवा प्रश्नही उभा केला. एक इंजिन एवढं ताकदवान झालं, तर दोनच का पुरू नयेत? युरोपातल्या एअरबसने याच विचाराने ए३०० बांधलं. रुंद अंगाचं, दोनच इंजिनांचं हे पहिलं मोठं प्रवासी विमान मे १९७४ मध्ये एअर फ्रान्सच्या सेवेत आलं. इंडियन एअरलाइन्सने ते १९७६ मध्ये घेतलं, जगातल्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक म्हणून. अमेरिकेबाहेरच्या नियमांनुसार दोन इंजिनांच्या विमानांना नव्वद मिनिटांपर्यंतची मुभा होती. त्यामुळे ए३०० बंगालच्या उपसागरावरून, हिंदी महासागरावरून आणि उत्तर अटलांटिकवरूनही उडू लागलं. या उड्डाणांत जमा झालेला अनुभव पुढे फार कामी आला. एअर इंडियानेही १९८६ पासून दोन इंजिनांचं ए३१० वापरायला सुरुवात केली.

भरवसा मोजायचा कसा?

शेवटी १९८५ मध्ये अमेरिकेने साठ मिनिटांची मर्यादा काही अटींवर एकशे वीसपर्यंत वाढवली. त्याच वर्षी फेब्रुवारीत टीडब्ल्यूए कंपनीचं बोइंग ७६७ बोस्टनहून पॅरिसला गेलं, तेव्हा साठ मिनिटांपलीकडे जाण्याच्या परवान्याचा पहिला वापर झाला होता. हा नियम ‘एटॉप्स’ या नावाने ओळखला जातो आणि माझ्या मते प्रवासी विमानांच्या इतिहासातली ही अत्यंत महत्त्वाची घटना आहे. तिने भरवसा आकड्यात मोजायला सुरुवात केली.

परवाना हवा असेल तर त्या प्रकारच्या इंजिनांची प्रत्यक्ष कामगिरी दाखवायची. एकशे वीस मिनिटांसाठी उड्डाणात इंजिन बंद पडण्याचं प्रमाण वीस हजार तासांत एकदा, यापेक्षा जास्त चालणार नाही. एकशे ऐंशी मिनिटांसाठी पन्नास हजार तासांत एकदा. त्यापुढे जायचं तर एक लाख तासांत एकदा. रोज पंधरा तास फिरणाऱ्या इंजिनाला एक लाख तास भरायला अठरा वर्षं लागतात, यावरून ही अट किती कडक आहे ते कळेल. शिवाय इतर तयारी वेगळीच. वीज देणारा जादा स्रोत हवा. शेपटातलं छोटं सहायक इंजिन उंचावरच्या कडाक्याच्या थंडीतही सुरू झालं पाहिजे. सामानाच्या कप्प्यात आग लागली, तर ती विमानतळ गाठेपर्यंत दाबून ठेवण्याची सोय हवी. आणि ही परीक्षा फक्त विमान बनवणाऱ्याची नव्हती, ते वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीलाही ती द्यावी लागे.

१९८८ मध्ये मर्यादा एकशे ऐंशी मिनिटांवर गेली. १९९५ मध्ये बोइंग ७७७ पहिल्या दिवसापासूनच हा परवाना घेऊन सेवेत आलं. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाच्या ७७७ने मुंबई ते न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली. आज ए३५०ला तीनशे सत्तर मिनिटांपर्यंतची मान्यता आहे, म्हणजे एका इंजिनावर सहा तासांहून अधिक.

इथे एक शंका हमखास येते. दोन इंजिनं म्हणजे ताकद कमी का? आकडे उलट सांगतात. पहिल्या ७४७च्या एका इंजिनाचा रेटा ४३,५०० पौंड होता, चारांचा मिळून १,७४,०००. साधारण तेवढ्याच वजनाच्या ७७७-३००ईआरच्या एका इंजिनाचा रेटा १,१५,००० पौंड आहे, दोन्हींचा मिळून २,३०,०००. कारण असं, की धावपट्टी सोडताना एक इंजिन गेलं तरी विमान वर चढलंच पाहिजे. चारातलं एक गेलं तर पाऊण ताकद उरते, दोनातलं एक गेलं तर निम्मी. म्हणून दोन इंजिनांच्या विमानात मुळातच जादा ताकद ठेवावी लागते. ७४७चं एक बंद पडल्यावर १,३०,५०० पौंड उरत, ७७७चं एक बंद पडल्यावर १,१५,०००. फरक फारसा नाही.

संख्या आणि स्वतंत्रपणा

पण माझ्या मते खरा धडा या आकड्यांच्याही पलीकडे आहे आणि तो काही दुर्घटनांनी व थोडक्यात टळलेल्या प्रसंगांनी शिकवला.

२४ जून १९८२च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं ७४७ लंडनहून मुंबई आणि क्वालालंपूर करत ऑस्ट्रेलियाकडे निघालं होतं. जावा बेटावरून जाताना ते गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं. अंधारात राख दिसली नाही, रडारवर उमटली नाही. काही मिनिटांत चारही इंजिनं बंद पडली. सदतीस हजार फुटांवरून विमान तरंगत खाली आलं, राखेतून बाहेर पडलं आणि बारा-तेरा हजार फुटांच्या आसपास इंजिनं पुन्हा सुरू झाली. कॅप्टन एरिक मूडी यांनी ते जकार्तात सुखरूप उतरवलं. चारही इंजिनं एकाच हवेत श्वास घेत होती, म्हणून चार असण्याचा उपयोग झाला नाही.

पुढच्याच वर्षी, ५ मे १९८३ रोजी, ईस्टर्न एअरलाइन्सचं ट्रायस्टार मायामीहून नासाऊला निघालं. देखभालीच्या वेळी तिन्ही इंजिनांत तेलाच्या वाटेवरचा एक भाग बदलला होता आणि तो बसवताना तिन्ही ठिकाणी रबरी कड्या राहून गेल्या होत्या. तेल गळालं. आधी एक इंजिन बंद करावं लागलं, मग उरलेली दोन्ही आपोआप थांबली. पहिलं बंद केलेलं इंजिन कसंबसं पुन्हा सुरू झालं आणि त्या एकावर विमान मायामीला परतलं.

दोन दोर असले आणि दोन्ही एकाच खुंटीला बांधलेले असले, तर खुंटी उपटली की दोन्ही जातात. एटॉप्सने हेच ओळखलं. दोन्ही इंजिनांवर एकच काम एकाच वेळी, एकाच माणसाने करू नये, आणि तशी वेळ आलीच तर दुसऱ्याने ते स्वतंत्रपणे तपासावं, हा दंडक त्यातून आला. आपली जखम तर अजून ताजी आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेल्या एअर इंडियाच्या ७८७ची दोन्ही इंजिनं उड्डाणानंतर काही सेकंदांतच इंधनावाचून बंद पडली. इंधनाचे दोन्ही स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेले, असं प्राथमिक अहवाल नोंदवतो. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. या घटनेकडे पाहतानाही नेमका हाच प्रश्न विचारावा लागतो: दोन्ही इंजिनांवर एकदम परिणाम करू शकेल अशा कोणकोणत्या जागा आहेत आणि त्यांची राखण कशी करायची?

चार इंजिनांचा निरोप

एअरबसने शेवटचं ए३८० डिसेंबर २०२१ मध्ये दिलं. बोइंगने १,५७४वं आणि शेवटचं ७४७ जानेवारी २०२३ मध्ये. एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाच्या एका जुन्या ७४७ने मुंबईची धावपट्टी अखेरची सोडली आणि वर जाताना पंख झुकवून शहराचा निरोप घेतला. ते दृश्य पाहून गलबललेल्या कित्येकांपैकी मीही एक होतो. त्या विमानाने आपल्या माणसांना आखातात, लंडनला, न्यूयॉर्कला पोचवलं, तिथून परत आणलं. त्याच्याबद्दलची माया खरी आहे आणि ती का वाटते हे कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पण त्या मायेपोटी चार इंजिनं जास्त सुरक्षित होती असं म्हणणं योग्य होणार नाही. पंखाखालची इंजिनांची संख्या हे त्या त्या काळाने एकेका इंजिनावर ठेवलेल्या भरवशाचं माप होतं. भरवसा वाढला तशी संख्या कमी झाली. आणि तो आपोआप वाढला नाही. प्रत्येक बिघाडाची नोंद झाली, ती जगभर वाचली गेली, तिच्यावरून भाग बदलले, कामाच्या पद्धती बदलल्या. नागपूरच्या मिहानमध्ये ७७७ आणि ७८७ची देखभाल करणाऱ्या केंद्रात आज जी तरुण मुलंमुली काम करतात, ती याच साखळीतली कडी आहेत. त्यांनी एका इंजिनावर केलेल्या कामाची प्रामाणिक नोंद आणि दुसऱ्या इंजिनावर दुसऱ्या माणसाने केलेली स्वतंत्र तपासणी, या दोन गोष्टींच्या आधारावर अटलांटिकवरच्या मध्यरात्री प्रवासी निश्चिंत झोपतात. विमानं आवडणाऱ्या प्रत्येक मुलाला मी म्हणूनच सांगतो: इंजिनं जरूर मोज, पण तेवढ्यावर थांबू नकोस. ती एकमेकांपासून किती स्वतंत्र ठेवली आहेत, हे विचारायला शीक. सुरक्षिततेचं उत्तर तिथेच मिळतं.